काळ्या कापडावरचे बुकमार्क : संक्रांतीच्या वाणाच्या नोंदी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

यंदाच्या संक्रांतीला हाताने भरलेले बुकमार्क लुटायचे, हे आज पक्कं केलं. आमच्या वाचनगटात आम्ही चोवीस जणी. महिन्यातून एकदा कुणा एकीच्या घरी जमतो, पुस्तकं बदलतो, आणि जानेवारीतली बैठक हळदीकुंकवाची असते. नवरा असलेली, नसलेली, लग्न न केलेली, सगळ्या येतात आणि सगळ्यांना सारखंच वाण मिळतं. गट सुरू झाला तेव्हापासूनचा हा रिवाज मला फार मोलाचा वाटतो. यंदा पाळी माझी. बैठक शुक्रवारी, २३ जानेवारीला. त्या दिवशी वसंतपंचमी आहे आणि रथसप्तमी २५ ला, म्हणजे हळदीकुंकवाच्या दिवसांत छान बसतं.

वाणाच्या डब्या आणि वाट्या प्रत्येकीच्या फडताळात भरपूर आहेत. वाचणाऱ्या बाईच्या हातात रोज येईल असं काहीतरी द्यावं, असं मनात होतं. गटात फिरणाऱ्या पुस्तकांत खूण म्हणून एसटीचं तिकीट सापडतं, गॅसची पावती सापडते, नाहीतर पानाचा कोपराच दुमडलेला असतो.

फुलीचा टाका आम्हा बहुतेकींना शाळेपासून येतो. भिंतीवरची चौकट भरणं आणि बुकमार्क भरणं यात मात्र मोठा फरक आहे. चौकटीची मागची बाजू काचेच्या आड कायमची बंद होते. बुकमार्क कधी या बाजूने हातात येतो, कधी त्या. त्याला मागची बाजू अशी नसतेच. शिवाय तो पातळ हवा, नाहीतर पुस्तक फुगतं आणि बांधणी ताणली जाते. आणि त्याचा रंग पानाला लागता कामा नये. नक्षी, टाका, अस्तर, सगळे निर्णय या तीन अटींवर पारखून घेणार आहे.

२९ ऑक्टोबर, बुधवार

महाद्वार रोडच्या आतल्या गल्लीतल्या मॅचिंग सेंटरमध्ये गेले. दुकानदारांनी आधी मॅटीच काढली. हे चौकड्यांच्या विणीचं कापड. एकेका चौकडीला घर म्हणतात, आणि एका घरात एक फुली बसते. “ताई, शाळंच्या पोरी हीच नेत्यात. धुतली तरी काय होत न्हाई.” मॅटी खरोखर टिकाऊ, आणि घरं मोठी असल्यामुळे डोळ्यांना सोपी. पट्टी ठेवून मोजलं तर इंचाला अकरा घरं भरली.

माझ्या डोक्यातली नक्षी २५ घरं रुंद आणि ९१ घरं उंच आहे. मॅटीवर ती जवळजवळ ५.८ सेंटिमीटर रुंद आणि २१ सेंटिमीटर उंच होईल. आपली बहुतेक मराठी पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. २१ सेंटिमीटरचा बुकमार्क त्यात डोक्यापासून पायापर्यंत भरेल आणि त्याहून लहान, क्राउन आकाराच्या पुस्तकातून तर बाहेरच येईल. तीच नक्षी इंचाला १४ घरं असलेल्या आयडा कापडावर ४.५ बाय १६.५ सेंटिमीटर बसते. हे माप हातात घेतल्यावर बरोबर वाटतं. १८ घरांचं आयडा आणखी तलम असतं, त्यावर एकाच पदराने भरता येतं. पण मला कापड काळं हवंय, आणि काळ्यावर १८ घरं मोजत बसणं डोळ्यांवर अन्याय आहे. तेव्हा १४.

काळंच का, हे संक्रांत साजरी करणाऱ्याला सांगायला नको. पांढरा हलवा शोभतो तो काळ्या साडीवरच.

मागणीप्रमाणे काळं आयडा मागवून देतो म्हणाले. ११० सेंटिमीटर पन्ह्याचं अर्धा मीटर पुरेल. प्रत्येक बुकमार्कला चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर सोडून ८.५ बाय २०.५ चा तुकडा लागतो. पन्ह्यात असे बारा बसतात, उंचीत दोन. बरोबर चोवीस, आणि कडेला नमुने करून बघायला एक पट्टी उरते.

५ नोव्हेंबर, बुधवार, त्रिपुरी पौर्णिमा

तुळशीची लग्नं आज संपली. अंगणातल्या वृंदावनासमोर पणत्या लावता लावता नक्षीचा विचार चालू होता, आणि रात्री आईच्या ट्रंकेतली आजीची चंद्रकळा बाहेर काढली. काळी इरकल, पदराकडच्या भागावर कशिदा. आमच्या कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला घरोघर इरकल नेसली जायची. हे लुगडं येतं बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलहून, आणि त्यावरचं काम म्हणजे उत्तर कर्नाटकातली कसुती. काळ्या चंद्रकळेवर कसुती भरायची तिकडची जुनीच रीत आहे. म्हणजे माझ्या संक्रांतीच्या काळ्या बुकमार्कला दाखला घरातच होता.

आजीच्या लुगड्यावर वृंदावन आहे, पालखी आहे, हत्ती आहे. दिव्याखाली पदर उलटा केला. वृंदावनाची रेघ पाठीमागूनही तशीच्या तशी. कुठे गाठ नाही, कुठे दोरा एका नक्षीवरून दुसरीकडे ओढत नेलेला नाही.

कसुतीत चार टाके: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. मेंथी म्हणजे आपली फुली. ती आणि नेगी मागून वेगळ्या दिसतात. गवंती आणि मुरगी दोन्हीकडून सारख्या. गवंती म्हणजे दोनदा चाललेला धावदोरा. जाताना एक घर वर, एक घर खाली असं जायचं. परत येताना त्याच भोकांतून येत मोकळी राहिलेली घरं भरायची. जाताना वर राहिलेला टाका परतताना खाली येतो, आणि दोन्ही बाजूंना सलग रेघ उमटते. मुरगी त्याच चालीने पायऱ्या-पायऱ्यांनी जाते.

कसब आहे ते वाट ठरवण्यात. नक्षीला फाटा फुटला की आधी त्या फाट्याच्या टोकापर्यंत जायचं, तिथून खोडावर परत यायचं आणि मगच पुढे निघायचं. असं गेलं तर नक्षीतली प्रत्येक रेघ नेमकी दोनदा चालली जाते आणि दोरा कुठेच अडकून पडत नाही. जुन्या बायका कापडावर काही न उमटवता, नुसते धागे मोजत हे करत. मी आलेखावर पेन्सिलीने बाण काढून वाट ठरवली.

अस्तराचा प्रश्न इथेच निम्मा सुटला. वृंदावनाचे बुकमार्क पूर्ण गवंती-मुरगीत भरायचे आणि त्यांना अस्तर लावायचंच नाही. एकपदरी कापड, यापेक्षा पातळ काय असणार! फुलीही दोन्हीकडून सारखी दिसेल अशी भरता येते, पण त्यासाठी दोरा एकाच रांगेतून चार वेळा फिरवावा लागतो आणि कापड जाड होतं. त्या वाटेला जात नाही.

तीन नक्ष्या ठरल्या, प्रत्येकीचे आठ. वृंदावन गवंतीत. ऊस आणि पतंग फुलीत, त्यांना मात्र अस्तर लागेल.

९ नोव्हेंबर, रविवार

ऊस आज आलेखावर उतरला. बुकमार्कच्या लांबट, अरुंद आकारात ऊस जसा बसतो तसं दुसरं काहीच बसत नाही. सुगडात उसाची कांडी असतेच, आणि गळीत हंगाम सुरू झाल्यापासून रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग आहे. कोल्हापूरच्या बाईने संक्रांतीला उसाशिवाय दुसरं काय भरावं?

पहिल्या आराखड्यात सगळी कांडी दहा-दहा घरांची धरली होती. सासरे सकाळी चहाला बसले होते, त्यांच्यापुढे कागद ठेवला. अण्णांनी चष्मा लावून नीट पाहिलं. “ऊस असा नसतोय बघ. बुडाला कांडी आखूड, मधी लांब, शेंड्याकडं परत बारकी. आन् डोळं एकाआड एक. एक या अंगाला, तर वरचा त्या अंगाला.” आयुष्य उसात गेलेल्या माणसाचं हे मोजमाप, ते जसंच्या तसं घेतलं.

खालून वर कांड्यांच्या ओळी अशा झाल्या: ७, ९, १२, १३, ११, ८. एकूण ६०. प्रत्येक कांड्यावर एक ओळ गाठीची, म्हणजे ६. वरचं वाढं, म्हणजे शेंड्याची पानं, १९ ओळींचं. वर-खाली काठासाठी तीन-तीन ओळी. बेरीज बरोबर ९१. उसाची रुंदी ५ घरं, गाठीशी ७. डोळा म्हणजे गाठीजवळ एकच फुली, तांबूस रंगाची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. आराखडा लांबून पाहिला की त्या एकेका फुलीमुळेच तो ऊस वाटतो. ती नसती तर बांबूच झाला असता. अण्णांनी कागदावर बोट ठेवून “आता झाला” म्हटलं.

काठाला पांढरी फुली एकाआड एक घर. काळ्यावर ती हलव्याच्या माळेसारखी दिसते. हलव्याचा काटेरीपणा यावा म्हणून गाठीचा टाका घालायचा मोह होता, पण प्रत्येक गाठीचा उंचवटा पानात रुतेल. सपाट फुलीच बरी. नक्षीचे कडेचे आकडे विषम असल्यामुळे चारी कोपऱ्यांत फुली येते, हे फार समाधानाचं.

१६ नोव्हेंबर, रविवार

दोरे आणले. अँकरची लडी ८ मीटरची, सहा पदरी, म्हणजे सुटे पदर धरले तर ४८ मीटर. १४ घरांच्या कापडावर एका फुलीला समोर दोन तिरक्या आणि मागे दोन उभ्या रेघा मिळून ९ मिलिमीटरच्या आसपास दोरा जातो. दोन पदर धरले की दुप्पट. हिशेबाने एका लडीत अडीच हजारांवर फुल्या निघायला हव्यात, पण सुरुवातीची आणि शेवटची टोकं, कापलेले तुकडे वजा जाता दोन हजार धरावेत. एका उसाच्या कांड्यांना ३०० फुल्या, आठ उसांना २४००, म्हणून पोपटी-पिवळ्याच्या दोन लड्या. काठाला प्रत्येकी ११४ पांढऱ्या फुल्या, सोळा बुकमार्कांना १८२४. एक लडी जेमतेम पुरेल, अक्षरांसाठी दुसरी घेतली. पांढऱ्यात १ नंबर लखलखीत शुभ्र आहे आणि २ नंबर त्याहून सौम्य. हलव्यासाठी १ नंबरच.

काळ्या कापडावर फिका दोरा दोन पदरांत भरला तर मधून काळं डोकावतं. तीन पदरांत झाकण चांगलं होतं. मी दोनच ठेवले. पातळपणा आधी. थोडं काळं दिसल्याने उसाला उलट खोली आली आहे.

रंग पक्का आहे का, याची परीक्षा भरण्याआधीच. प्रत्येक दोऱ्याचा तुकडा आणि काळ्या कापडाची पट्टी कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती कापडात दाबून ठेवली. दोरे सगळे पक्के निघाले. कापडाने पहिल्या पाण्यात किंचित काळं सोडलं, म्हणून पूर्ण कापड रिठ्याच्या पाण्यात धुऊन, पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळून, सावलीत वाळवलं. इस्त्री ओलसर असतानाच. धुण्याने आयडाची खळही गेली, ते चांगलंच झालं. खळीचं कापड पुस्तकात ठेवलं की कसर लागायला निमित्त मिळतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

अक्षरांचा दिवस. प्रत्येक बुकमार्कवर जिचं तिचं पहिलं अक्षर घालायचं आहे. कुणाचा कुठला हे पुस्तक बदलताना कळेल, आणि वाण खास आपल्यासाठी केलंय हेही.

उसाच्या नक्षीत जागा शोधली ती सर्वांत लांब, १३ ओळींच्या कांड्याशेजारी. काठ आणि मोकळी घरं सोडून तिथे ७ घरं रुंद आणि ११ घरं उंच जागा आहे. वर वेलांटी-मात्रांना दोन, शिरोरेघेपासून अक्षराला सात, खाली उकाराला दोन. नुसतं व्यंजन न घेता मात्रेसकट पहिलं अक्षर घेतलं आहे. ‘स’ पाहून कुणालाच हाक मारल्यासारखं वाटत नाही, ‘सु’ पाहून वाटतं.

फुल्यांनी एवढ्या जागेत अक्षर ठोकळेबाज होतं, म्हणून अक्षरं टीपेने. टीप घराच्या कडेने सरळही जाते आणि कोपऱ्यातून तिरकीही, त्यामुळे वळण जमतं. शेवटी पूर्ण दंड असलेली अक्षरं सोपी: प, म, न, स, व, त, ग. दंड उभा ओढला की अर्धं अक्षर तयार. क मधल्या दंडाचा, त्याला दोन्ही अंगांना सारखी जागा लागते. खरी परीक्षा बिनदंडाच्या गोल अक्षरांची. ह तर चौकटीच्या कागदावर हटूनच बसतो, त्याच्या पोटातलं वळण नीट यायला एक तिरका टाका खाली जास्तीचा द्यावा लागला. ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, आपल्या मराठी वळणाचेच भरले आहेत. संगणकावर मिळणाऱ्या तयार आराखड्यांत बऱ्याचदा हिंदी वळण असतं, म्हणून ते घेतलेच नाहीत. एकीचं नाव जोडाक्षराने सुरू होतं, ‘ज्यो’. त्याला सात घरं पुरत नाहीत. तिला पतंग. तिथे मोकळं आभाळ भरपूर आहे.

वृंदावनाच्या बुकमार्कवर अक्षरही दोन्हीकडून नीट हवं, म्हणजे गवंतीतच हवं. करायला घेतल्यावर लक्षात आलं, देवनागरी या टाक्यासाठी किती सोयीची आहे! शिरोरेघ हे खोड आणि अक्षराचे भाग त्याच्या फांद्या. ग चे दोन तुकडे एकमेकांपासून सुटे असले तरी रेघेला दोन्ही टांगलेले. रेघेवरून निघायचं, फांदीच्या टोकाला जायचं, परत रेघेवर यायचं. दोरा एकदाही न तोडता पूर्ण अक्षर होतं, मात्रेसकट. मागून पाहिलं तर अक्षर उलटं दिसतं, आरशातल्यासारखं, पण रेघ तितकीच स्वच्छ. चोवीसही अक्षरं कागदावर झाली.

३० नोव्हेंबर, रविवार

ऊस सुरू. काळ्यावर भरताना मांडीवर पांढरा पंचा पसरते, म्हणजे भोकं खालून उजळतात. दुपारी दोन ते चार, दक्षिणेच्या खिडकीत, दिवा न लावता. सुई २४ नंबरची, बोथट टोकाची. ती घराच्या मधला धागा न फोडता भोकातच उतरते.

सुरुवातीला गाठ मारत नाही. एकच पदर लांब घेऊन मधे दुमडायचा, दोन्ही टोकं सुईत ओवायची, पहिला अर्धा टाका घेताना मागे राहिलेल्या फासातून सुई काढायची आणि ओढायची. गाठीचा उंचवटा नाही, सुटं टोकही नाही. शेवटचं टोक चार-पाच टाक्यांखालून सरकवायचं. रांगेत आधी सगळ्या अर्ध्या फुल्या एकाच दिशेने घालत जायचं आणि परतताना त्या पुऱ्या करायच्या. वरचा टाका सगळीकडे एकाच बाजूला कललेला असला की दोऱ्याची चकाकी सलग दिसते.

७ डिसेंबर, रविवार

पतंगाला रंग वहिनीने निवडले, लाल आणि हळदी. तिची नजर रंगांत माझ्याहून चांगली आहे. चौकोन २१ घरं रुंद, वरच्या भागात. तिथून मांजा पांढऱ्या टीपेने वळत वळत खाली, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि तिथे गोंडा येणार. फुल्या उसापेक्षा कमी, म्हणून भराभर उरकतात.

२१ डिसेंबर, रविवार

भरणं संपत आलं. आज अस्तराचं काम, आणि सगळ्यांत जास्त विचार याच कामाला लागला.

फेल्ट जाड, सॅटिन निसटतं, कागद चिकटवला तर दुमडून तुटतो. मला हवं होतं खणाचं कापड. गुळेदगुड्डचा खण आपल्याकडच्या बायकांनी पिढ्यानपिढ्या चोळीला वापरला. तलम असतो, बुट्टी बारीक असते, आणि आता मीटरवरही मिळतो. काळ्या कापडाशी जुळणारा गर्द जांभळा घेतला. एकच अडचण: खण कापला की धागे फार सुटतात. त्यावर शिंपी कॉलरला लावतात ती इस्त्रीने चिकटणारी पेस्टिंग, सगळ्यांत पातळ, खणाच्या उलट बाजूला लावली. कड धरून राहते आणि कापडाला ताठपणाही येतो.

डिंकाने चिकटवणं मुळातच बाद. चिकटवलेलं अस्तर कडक होतं, कालांतराने पिवळं पडतं, आणि पिठूळ गोंद म्हणजे पुन्हा कसरीला आमंत्रण.

नमुन्याच्या पट्टीवर दोन पद्धती करून पाहिल्या. पहिली नेहमीची: आयडाही आत दुमडायचं, खणही आत दुमडायचा आणि कडेने दोन्ही जोडायचे. दिसायला फार देखणी, पण कडेला चार थर येतात. दुसरी: फक्त आयडा आत दुमडायचं, दुमड चार घरांची ठेवून बाकी कापायचं, कोपरे तिरके छाटायचे. खण न दुमडता बुकमार्कपेक्षा दोन घरं आत येईल असा कापायचा, वर ठेवून धावदोऱ्याने कच्चा टाचायचा आणि कडेने बारीक काजटाका घालायचा. तीनच थर, आणि तेही कडेलगतच्या एका पट्टीपुरते. काळ्या काठाच्या आत जांभळा खण चौकटीत बसवल्यासारखा दिसतो.

दोन्ही नमुने दोनशे पानांच्या मऊ बांधणीच्या पुस्तकात ठेवून वर जाड शब्दकोश ठेवला. सकाळी पान तिरप्या उजेडात धरून पाहिलं. पहिल्याची कड कागदावर उमटली होती, दुसऱ्याची नाही. दुसरी पद्धत ठरली. गवंतीच्या वृंदावनाने तर पानावर काहीच खूण सोडली नाही.

२७ डिसेंबर, शनिवार

नाताळच्या सुट्टीला भाची आली आहे, तिलाही भरायचं होतं. तिला कापडाऐवजी कागद दिला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत भोकं पाडलेल्या जाड कागदावर फुल्या भरून, मागे रेशमी फीत लावून बुकमार्क करत, बहुतेक बायबलमध्ये ठेवायला. तेच आपण घरी केलं. पोस्टकार्डासारख्या पुठ्ठ्यावर आलेख कागद टाचून सुईने एकाआड एक भोकं पाडली, मग तिने त्यावर लाल पतंग भरला. कागदावर दोरा ओढायचा नाही, फक्त ठेवायचा, हे तिला लगेच कळलं. फाटला नाही कुठे.

माझे गोंडे चालू आहेत. चार बोटं रुंद पुठ्ठ्यावर दोरा गुंडाळायचा, एका टोकाला बांधायचा, दुसरीकडे कापायचा, मानेशी पाच-सहा वेढे. वेढे आवळून घट्ट, कारण वाचताना माणूस नकळत गोंड्याशीच खेळत असतं. तो बुकमार्कच्या खालच्या कडेला जोडलाय, दोन बोटं लांब दोरीवर, म्हणजे जाड भाग पुस्तकाच्या बाहेर लोंबतो, पानांत येत नाही. वृंदावनाच्या बुकमार्कना गोंडाही नाही. त्यांच्या आखूड कडांना टीपेची रेघ घालून पुढचे आडवे धागे काढले, झालर झाली. लांब कडा दोन घरं दुमडून काजटाक्याने बांधल्या, तेवढ्यानेच त्या दोन्हीकडून नीट दिसतात.

४ जानेवारी २०२६, रविवार

सगळे एकदा कोमट पाण्यातून काढले, पंचात गुंडाळून पाणी टिपलं, पिळले नाहीत. जाड टॉवेलवर उलटे ठेवून इस्त्री, म्हणजे फुल्या दबत नाहीत. वृंदावनाला उलटं-सुलटं नाही, त्याला वर मलमल ठेवून.

आई आज येऊन बसली होती. तिने एकेक हातात घेऊन आधी पाठच पाहिली. वृंदावनावर बोट फिरवून म्हणाली, “तुझ्या आजीला दाखवायला हवं होतं हे.”

१३ जानेवारी, मंगळवार, भोगी

भाकऱ्या, मिसळीची भाजी झाली की दुपारी पाकिटं. वर्तमानपत्राचा कागद शाई सोडतो, म्हणून खाकी कागदाची. आत बुकमार्क, छोट्या पुडीत तिळगूळ वेगळा. सोबत चिठ्ठी, चार ओळींची: पावसाळ्यात पुस्तक दमट झालं तर बुकमार्क काढून वाळवा, धुवायचा झाला तर रिठ्याच्या पाण्यात, उन्हात नको, इस्त्री मागून, गोंडा ओढून बुकमार्क काढू नका, पान उघडून काढा.

कुणाला कुठली नक्षी, हे अक्षरं भरतानाच ठरलं होतं, आज त्याची यादी केली. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ऊस. लहान मुलं असलेल्यांना वृंदावन, कारण गोंडा मुलांच्या तोंडात जातो. बाकी पतंग.

२३ जानेवारी, शुक्रवार, वसंतपंचमी

वाण लुटून झालं. सगळ्या काळ्या साड्यांत, दोघी-तिघी इरकल नेसून. पाटावर सरस्वतीपुढे या महिन्याची बदलायची पुस्तकं मांडली होती, प्रत्येकीने आपलं पुस्तक उचललं आणि पाकीट उघडून तिथेच बुकमार्क ठेवला.

अपेक्षेप्रमाणे बुकमार्क उलटे करून पाहणं झालंच. खणाच्या बाजूवरून हात फिरवत एकीने विचारलं, हीच बाजू वर ठेवली तर चालेल ना? का नाही चालणार! त्यासाठीच तर खण. वृंदावन मिळालेल्या काकूंनी तो दोन्हीकडून इतका वेळ पाहिला की शेजारणीला वाटलं काही तक्रार आहे. त्यांना दोऱ्याची सुरुवात सापडत नव्हती. त्यांचं माहेर विजापूरकडचं, त्यांच्या आईने कसुती केलेली, पण यांच्या हातात ती आलीच नाही. “मला शिकवशील का गं?” म्हणाल्या. मग आणखी चौघी म्हणाल्या.

फेब्रुवारीची बैठक पुस्तकांनंतर तासभर गवंतीला द्यायची ठरली. शिकायला मॅटी घ्यायची, घरं मोठी आणि इथेच मिळते. काळी नको, आधी बदामी रंगाची. प्रत्येकीने २४ नंबरची बोथट सुई, एक लडी गर्द रंगाची आणि आलेखवही आणायची. पहिला धडा वृंदावनाचा नाही, आपापल्या अक्षराचा. चोवीस अक्षरांचा कागद उद्या झेरॉक्सला टाकते.